काडीची किंमत

एखाद्याला अगदी कस्पटासमान लेखायचे असेल तर आपण मराठीत म्हणतो, ‘मी त्याला काडीची किंमत देत नाही.’ हा शब्दप्रयोग ज्याने प्रथम केला त्याच्या डोळ्यांपुढे गवताची काडी असावी. आगपेटीची काडी मागाहून आली. पण तिलाही आपण गवताच्या काडीहून अधिक मान दिला असे नाही. ओढली, निरांजन लावले, फेकून दिली! अशा या काडीला आयुष्यभर किंमत देत आलेला एक मनुष्य आपल्या पुण्यात अनेक वर्षे राहिला आणि वावरला. त्यांचे नाव अरविंद गुप्ता. मुलांना आगपेटीच्या काड्यांतून भूमिती आणि फाटक्या चपलांतून पदार्थविज्ञान शिकवणारे म्हणून त्यांची ख्याती आहे. १९८८ साली मुलांमध्ये विज्ञानाचा प्रसार केल्याबद्दल त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०१८ साली पद्मश्री मिळाली. सत्कार झाले, मुलाखती झाल्या, शाली पांघरून झाल्या.

तेव्हा आणखी एक शाल पांघरण्यासाठी मी हा लेख लिहीत नाही. मला भांडायचे आहे. तेही गुप्तांशी नव्हे. त्यांचा सत्कार करणाऱ्या तुमच्या-माझ्यासारख्या सभ्य, सुशिक्षित, मुलांच्या भवितव्याची अहोरात्र काळजी वाहणाऱ्या माणसांशी. सणासुदीला भांडण उकरून काढू नये असे घरातली वडीलधारी माणसे सांगतात. पण फराळाच्या ताटात चार गोड जिनसांबरोबर एखादी झणझणीत चकली नसली तर ताट अळणी लागते. हा लेख त्या चकलीच्या जागी समजावा.

आधी माणसाची ओळख. गुप्तांचा जन्म १९५३ साली उत्तर प्रदेशात बरेलीला झाला. कानपूरच्या आय.आय.टी.तून ते १९७५ साली विद्युत अभियंता होऊन बाहेर पडले आणि पुण्याला टेल्कोत, म्हणजे मालमोटारींच्या कारखान्यात, नोकरीला लागले. कोणत्याही मध्यमवर्गीय घरातल्या आईबापांनी देवापुढे साखर ठेवावी अशीच ही गोष्ट होती. परंतु विद्यार्थिदशेतच त्यांच्या कानावर एक वेगळे बोलणे पडले होते. अनिल सदगोपाल हे कॅलिफोर्नियात डॉक्टरेट मिळवून मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत संशोधन करणारे शास्त्रज्ञ. त्यांनी ती संस्था सोडून मध्य प्रदेशात होशंगाबाद जिल्ह्यात (आता त्याला नर्मदापुरम् म्हणतात) ‘किशोर भारती’ ही संस्था काढली, आणि रसुलियाच्या फ्रेंड्स रूरल सेंटर या संस्थेच्या बरोबरीने १९७२ साली सोळा सरकारी शाळांतून विज्ञानशिक्षणाचा एक नवा कार्यक्रम सुरू केला. १९७८ साली तो जिल्ह्यातल्या सगळ्या माध्यमिक शाळांत, म्हणजे सहावी ते आठवीच्या वर्गांत, नेण्याचे ठरले. त्याच वर्षी गुप्तांनी कारखान्यातून एक वर्षाची रजा घेतली आणि ते होशंगाबादला गेले.

तिथल्या आठवडे बाजारात हिंडताना त्यांना सायकलच्या व्हॉल्व्हची बारीक रबरी नळी दिसली. तिचा नखाएवढा तुकडा कापावा, दोन्ही टोकांनी एकेक काडी आत सरकवावी, झाला सांधा. अशा तीन सांध्यांचा त्रिकोण करा आणि दाबून पाहा. तो आपला आकार सोडत नाही. चार सांध्यांचा चौकोन करा. बोट लावताच तो कलंडतो आणि समभुज चौकोन होतो. पंचकोनाचे तर नाना आकार होतात. आता चौकोनात एक कर्णाची काडी घाला, की तोही ताठ! सांध्याच्या मध्ये सुईने भोक पाडून तिसरी काडी बसवली की सपाट आकृती उभी राहते, चतुष्फलक होतो, घराचा सांगाडा होतो. रेल्वेच्या पुलावर आणि विजेच्या मनोऱ्यावर जिकडे पाहावे तिकडे त्रिकोणच त्रिकोण का असतात, हे दहा वर्षांच्या पोरीला एकही व्याख्या पाठ न करता दहा मिनिटांत कळते.

आमच्या लहानपणी आकाशकंदील घरी होत असत. बांबूच्या कामट्या तासायच्या, दोऱ्याने बांधायच्या, खळीने पतंगाचा कागद चिकटवायचा. चौकोनी सांगाडा लटपटू लागला की घरातला थोरला मुलगा न सांगता एक तिरपी कामटी बांधून मोकळा होई. त्याला कोणी ‘कर्ण’ शिकवलेला नसे. कामटीने शिकवलेला असे. आज आकाशकंदील घडी उलगडून टांगायचा असतो. घडी उलगडण्यात काही पाप नाही. परंतु वर्षातून एकदा मुलाच्या हाताला जो धडा आपोआप मिळत होता तो बंद पडला, आणि त्याच्या बदल्यात शाळेने दुसरा दिला नाही, एवढे लक्षात घ्यावे.

आता मूळ मुद्दा. गुप्तांना घडवणारा तो होशंगाबादचा कार्यक्रम काय होता? तो केवळ खेळण्यांचा मेळावा नव्हता. ‘बाल वैज्ञानिक’ नावाची त्याची पाठ्यपुस्तके होती आणि त्यांत उत्तरांपेक्षा करायच्या गोष्टी आणि विचारायचे प्रश्न अधिक होते. मुलांनी चार-चारांच्या टोळ्या करून प्रयोग करायचे, शेतात जाऊन पाने, फुले, किडे गोळा करायचे. एकच टेबल वर्गातल्या सगळ्यांनी मोजायचे आणि प्रत्येकाचे माप थोडे वेगळे का येते यावर वाद घालायचा. प्रयोगाच्या साहित्याची पेटी सरकारी शाळेत पोहोचत असे. दिल्ली विद्यापीठातले आणि टाटा संस्थेतले प्राध्यापक उन्हाळ्याच्या सुट्टीत येऊन खेड्यातल्या मास्तरांबरोबर जमिनीवर बसत. आणि मास्तर त्यांना, ‘साहेब, हे आमच्या वर्गात चालायचे नाही’ असे तोंडावर सांगत. मुलांनी मनात येईल तो प्रश्न ‘सवालीराम’ नावाच्या एका काल्पनिक गृहस्थाला पत्राने विचारावा अशी व्यवस्था होती. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे परीक्षा बदलली होती. पुस्तक उघडे ठेवून उत्तरे लिहायची परवानगी होती, आणि प्रयोग करून दाखवण्याचीही परीक्षा होती. पाठांतराचा तिथे उपयोगच नव्हता. कारण उत्तर पुस्तकात नव्हते, ते पुस्तकाच्या आधाराने शोधायचे होते.

१९८२ साली या कामासाठी ‘एकलव्य’ ही संस्था निघाली. सोळा शाळांचे काम वाढत वाढत अनेक जिल्ह्यांतल्या हजाराच्या घरातल्या शाळांपर्यंत गेले. तीस वर्षे ते चालले. ते कोणा धनिकाच्या शाळेत नव्हे, सरकारी शाळेत, सरकारी मास्तरांच्या हातून, सरकारी परीक्षेसकट चालले, हे ठळक अक्षरांत लिहून ठेवण्याजोगे आहे. आणि २००२ साली मध्य प्रदेश सरकारने एका हुकुमाने ते बंद केले. सगळ्या राज्यात एकच पाठ्यपुस्तक चालावे, म्हणे! देशातल्या मोठमोठ्या शास्त्रज्ञांनी विनवण्या केल्या. त्यांचा उपयोग झाला नाही.

वाचकहो, आता ही दोन सालें शेजारी शेजारी ठेवून पाहा. २००२ साली कार्यक्रम बंद पडतो. २०१८ साली त्याच कार्यक्रमात घडलेल्या माणसाला पद्मश्री मिळते. झाडाला कुऱ्हाड आणि फळाला हार! ज्यांनी कुऱ्हाड चालवली आणि ज्यांनी हार घातला ती माणसे वेगळी होती, सरकारेही वेगळी होती, हे मला ठाऊक आहे. परंतु ते पाहणारा आपला समाज एकच होता. त्याला हार दिसला, कुऱ्हाड दिसली नाही. असे का व्हावे?

माझे उत्तर कडू आहे. काड्यांचा त्रिकोण करून दाखवणारा एकटा मनुष्य आपल्याला आवडतो, कारण तो आपल्याकडे काहीच मागत नाही. तो येतो, दोन तास मुलांना हसवतो, मुले टाळ्या वाजवतात, मुख्याध्यापक आभार मानतात, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी दहाच्या ठोक्याला ‘आम्लाची व्याख्या लिहा’ पूर्ववत् सुरू होते. होशंगाबादचा कार्यक्रम मात्र मागत होता. मास्तरांना दर वर्षी नवे शिकायला वेळ द्या, प्रयोगाच्या साहित्याला पैसे द्या, तपासनिसाने वही तपासण्याऐवजी वर्गात बसावे, आणि परीक्षा बदला! खेळणी आपल्याला चालतात. परीक्षेला हात लावलेला चालत नाही. आपल्या देशात देव बदलता येतील, परीक्षा बदलता येणार नाही.

या कामाभोवती आणखी एक गोड शब्द घुटमळतो, त्याचाही समाचार घेतला पाहिजे. तो शब्द म्हणजे ‘त्याग’. गुप्तांवर बोलणारा प्रत्येक वक्ता घसा खाकरून म्हणतो, ‘आय.आय.टी.चे शिक्षण, मोठ्या कारखान्यातली नोकरी, या सगळ्याचा त्याग करून...’ ऐकायला हे गौरवाचे वाटते. पण जरा उलटून पाहा. आय.आय.टी.त शिकलेला मनुष्य साबण विकणाऱ्या कंपनीत गेला, सावकारी पेढीत गेला, तर त्याने अभियांत्रिकीचा ‘त्याग’ केला असे कोणी म्हणते काय? तो पुढे गेला असे आपण म्हणतो. मुलांना वीज म्हणजे काय हे समजावण्यासाठी वीज शिकलेला मनुष्य गेला, की मात्र तो त्याग! याचा सरळ अर्थ असा की मुलांना शिकवणे हे आपल्या हिशेबी खालच्या पायरीवरचे काम आहे. शहाणा मनुष्य तिथे उतरतो तो दयेपोटी. त्यागाचे हार गळ्यात घालून आपण त्या कामाची किंमत ठरवून टाकलेली असते: शून्य.

ही किंमत केवळ बोलण्यात नाही, रोकड्या आकड्यांत आहे. आपल्या पुरोगामी महाराष्ट्रात नव्या शिक्षकाला पहिली तीन वर्षे ‘शिक्षणसेवक’ म्हणतात. ‘सेवक’ म्हटले की पगार द्यावा लागत नाही, मानधन दिले की भागते. प्राथमिक शाळेतल्या शिक्षणसेवकाचे हे मानधन २०२३ साली वाढवून महिन्याला सोळा हजार रुपये झाले. त्याआधी ते सहा हजार होते. सहा हजार! मोठ्या शहरात मुलाला ‘क्लास’ला पाठवणारा पालक एवढी रक्कम एका विषयापोटी देतो आणि वर पेढे वाटतो. या सेवकाने मतदारयाद्या कराव्या, शिरगणती करावी, खिचडीचा हिशेब ठेवावा, आणि उरल्या वेळात उद्याचे रामानुजन आणि उद्याचे रामन घडवावे, अशी आपली माफक अपेक्षा असते.

आता आक्षेपांकडे वळतो. ते मी पुष्कळ ऐकले आहेत, आणि सगळेच काही मूर्खपणाचे नाहीत.

पहिला आक्षेप असा, की हे सगळे ‘टाकाऊतून टिकाऊ’ आहे. हस्तव्यवसायाच्या तासाला ठीक, विज्ञान म्हणजे काही वेगळेच असते. यावर मी एकच खेळणे पुढे ठेवतो. टॉर्चचा एक सेल घ्या. त्याच्या दोन टोकांना दोन सेफ्टी पिना रबरबँडाने घट्ट बसवा. सेलवर एक चुंबक चिकटवा. इनॅमलच्या तांब्याच्या तारेचे दहा-बारा वेढे देऊन वेटोळे करा आणि त्याची दोन टोके दोन्ही बाजूंना काढून पिनांच्या छिद्रांत टेकवा. एका टोकाचे इनॅमल सगळीकडून खरवडायचे, दुसऱ्याचे मात्र अर्ध्याच बाजूने. वेटोळ्याला हलकासा धक्का दिला की ते गरगर फिरू लागते. ही विजेची मोटर! आता मुलगी विचारते, ‘दुसरे टोक अर्धेच का खरवडायचे?’ तिला उत्तर सांगू नका. तिला दोन्ही टोके पूर्ण खरवडू द्या. वेटोळे डुगडुगेल आणि थांबेल. मग हळूहळू ध्यानात येते, की अर्धा फेरा झाला की चुंबकाचा ढकलणारा जोर उलटा होतो; त्या वेळी प्रवाह तुटला पाहिजे, म्हणजे उरलेला अर्धा फेरा वेटोळे आपल्याच वेगाने पुरा करील. घरातल्या मिक्सरच्या आणि शिवणयंत्राच्या मोटरीत प्रवाहाची दिशा उलटवण्याची जी सोय असते तिचा हा गरीब नातेवाईक. टाकाऊतून टिकाऊ वस्तू भिंतीवर टांगली की काम संपते. ही मोटर फिरू लागली की काम सुरू होते. हा फरक ज्याला दिसत नाही त्याने विज्ञानाबद्दल बोलण्याची घाई करू नये.

दुसरा आक्षेप अधिक वजनदार आहे. काही प्रामाणिक कार्यकर्ते विचारतात, ‘श्रीमंतांच्या मुलांना सुसज्ज प्रयोगशाळा आणि गरिबांच्या पोरांना कचरा, हीच का तुमची समता?’ हा प्रश्न रास्त आहे आणि त्याला लबाड उत्तर देता कामा नये. खेड्यातल्या शाळेत सूक्ष्मदर्शक यंत्र असलेच पाहिजे. सायकलच्या नळीने सरकारची सूक्ष्मदर्शकातून सुटका होत नाही. ‘गुप्ता बघा, कचऱ्यातून विज्ञान शिकवतात, मग तुम्हाला अनुदान कशाला?’ असे म्हणणारा अधिकारी भेटला तर त्याला गुप्तांच्याच होशंगाबादची आठवण द्यावी. तिथे काड्याही होत्या आणि सरकारी पेटीही होती. परंतु श्रीमंत शाळेतल्या मुलाला प्रयोगशाळा मिळते, हा समज मात्र मी मान्य करीत नाही. तिथे काचेची कपाटे आहेत, त्यांना कुलपे आहेत, आणि कुलपाआड आई-बापांना दाखवायची परदेशी उपकरणे आहेत. मुलगा त्यांना हात लावू शकत नाही, कारण ती मोडली तर दंड. ज्या वस्तूची मोडतोड करता येत नाही ती वस्तू मुलाची नव्हेच. काडीचा मोठेपणा तिच्या स्वस्ताईत एवढ्याचसाठी आहे, की ती मोडली तरी कोणी रागावत नाही. आणि मोडून पाहिल्यावाचून आजवर कोणी काही शिकलेले नाही.

तिसरा आक्षेप तुमचा आहे, पालकहो. ‘हे सगळे छान आहे हो, पण याने मार्क मिळणार का?’ वर्षानुवर्षे हा प्रश्न विचारून आपण शाळांना काय करून ठेवले आहे ते पाहू. दहावीला विज्ञानाच्या शंभरांपैकी वीस गुण प्रात्यक्षिकाचे. ते वीसच्या वीस कसे मिळतात हे महाराष्ट्रातल्या कोणत्याही मुलाला विचारा. प्रयोगवही गेल्या वर्षीच्या ताईकडून आणायची, निरीक्षणे जशीच्या तशी उतरवायची, आकृत्यांना सुबक नावे द्यायची. प्रयोग झाला नाही तरी त्याचा निष्कर्ष आलेला असतो; आणि तो बरोबरच असतो! विज्ञानाच्या नावाखाली आपण चौदा वर्षांच्या मुलाला पहिला धडा देतो तो हा, की जे पाहिले नाही ते पाहिले म्हणून सही करावी. मग हाच मुलगा मोठा होऊन औषधाच्या कारखान्यात तपासणीच्या तक्त्यावर डोळे मिटून सही करतो, पूल न पाहता पुलाचा दाखला देतो, तेव्हा आपण वर्तमानपत्र आपटून म्हणतो, ‘देशाचे नैतिक अधःपतन झाले आहे!’ त्याचे अधःपतन झालेले नाही. त्याने प्रयोगवही चोख लिहिली आहे.

माझ्या लेखी विज्ञानशिक्षणाचा खरा पणाला लागलेला प्रश्न हा आहे. देशाला अभियंते किती मिळतील आणि उपग्रह किती उडतील हा हिशेब दुय्यम. १९७६ च्या दुरुस्तीने घटनेत वैज्ञानिक दृष्टिकोन जोपासणे हे प्रत्येक नागरिकाचे कर्तव्य म्हणून लिहिले गेले. कर्तव्य घटनेत लिहिता येते. ते हातात यायला लहानपणी हातात काहीतरी धरावे लागते. वर्गातल्या चाळीस जणांनी एक टेबल मोजून चाळीस मापे काढली आणि ‘माझेच बरोबर’ हा हट्ट सोडून मधले माप कसे ठरवावे याची चर्चा केली, की त्या वर्गाला सत्याबद्दल आणि शेजाऱ्याबद्दल एकाच वेळी काहीतरी समजते. तो वर्ग पुढे अफवेवर विश्वास ठेवून कोणाच्या घरावर दगड घेऊन धावणार नाही, अशी हमी मी देत नाही. पण धावण्यापूर्वी ‘कोणी पाहिले?’ असे विचारणारा एखादा त्यातून निघण्याचा संभव अधिक आहे. एवढा संभवही आपल्याला महाग वाटतो काय?

महाराष्ट्रात या जाणिवेची माणसे नव्हती असे मुळीच नाही. १९६६ साली मराठी विज्ञान परिषद निघाली. १९७४ साली टाटा संस्थेच्या आश्रयाने होमी भाभा विज्ञानशिक्षण केंद्र सुरू झाले. त्याचे पहिले बिऱ्हाड मुंबईत नाना चौकातल्या महापालिकेच्या शाळेत होते. वि. गो. कुलकर्णी हे पदार्थविज्ञानाचे संशोधक त्याचे संस्थापक. पुण्यात डॉ. जयंत नारळीकरांनी १९८८ साली आयुका उभी केली, ती तारकांचे गणित करणाऱ्या पंडितांसाठी. पण शाळेतल्या मुलांना तिथे शनिवारी व्याख्यानांना दार उघडे असे. स्वाक्षरी मागायला आलेल्या मुलाला ते सांगत, की स्वाक्षरी नको, पोस्टकार्डावर विज्ञानातला एक प्रश्न लिहून पाठव, मी उत्तर देईन. आणि उत्तर येई. सहीही त्यावर आपोआप असेच! २०२५ साली नारळीकर गेले तेव्हा आपण सर्वांनी हळहळ व्यक्त केली. त्यांचे पोस्टकार्ड पुढे चालवणारे किती प्राध्यापक आज महाराष्ट्रात आहेत?

याच आयुकाच्या आवारात मुलांसाठी ‘मुक्तांगण विज्ञान शोधिका’ उभी राहिली. तिच्या इमारतीचे नाव ‘पुलस्त्य’. पुलस्त्य हा सप्तर्षींमधला एक तारा. आणि त्याच्या पहिल्या दोन अक्षरांत ज्यांच्या नावाच्या संस्थेने देणगी दिली ते आपले लाडके पु. ल.ही आहेत. उभ्या महाराष्ट्राला हसवणाऱ्या माणसाच्या नावाचा पैसा मुलांच्या प्रयोगशाळेत गेला, याहून त्याचा चांगला विनियोग कोणता झाला असता? गुप्तांनी २००३ ते २०१४ अशी अकरा वर्षे इथे काम केले. सहकाऱ्यांबरोबर शेकडो खेळणी केली, ती करण्याच्या पद्धतीच्या छोट्या छोट्या चित्रफिती काढल्या, त्या निरनिराळ्या भाषांत बोलत्या केल्या. चांगली पुस्तके मुलांना मिळत नाहीत म्हणून ती भाषांतरित करून संगणकावर कोणालाही फुकट वाचता येतील अशी ठेवली. एका पैचे हक्क राखून ठेवले नाहीत. शरबत पिण्याच्या नळीचे टोक चपटे करून कातरीने निमुळते कापले की तिची पिपाणी होते. ती वाजवत वाजवतच दुसरे टोक कातरीने कापत गेले की स्वर चढत चढत जातो. हा त्यांचा खेळ पाहून खदखदा हसलेले मूल नळीची लांबी आणि स्वराची उंची यांचे नाते जन्मात विसरणार नाही. सनईवाल्याची बोटे भोकांवर का नाचतात हेही त्याला कळते.

पण मी पुन्हा भांडणावर येतो. शोधिकेत एका वेळी मावतात तेवढी मुले मावतात. चित्रफीत पाहणारे मूल पाहते. त्यातले किती उठून कातर शोधते? अरविंद गुप्ता एक आहेत, आणि महाराष्ट्रात शाळा हजारो आहेत. एकट्या माणसाच्या तपश्चर्येवर समाजाचे शिक्षण चालत नाही; चालवूही नये. त्यांनी स्वतःचे काम केले. ज्याला जे करता येण्यासारखे होते ते त्याने केले. उरलेले काम त्यांचे नाहीच. प्रत्येक शाळेत प्रयोगाच्या तासाला प्रयोग होणे, शिक्षकाला त्याची तयारी करायला वेळ आणि पोटापुरता पगार मिळणे, आणि परीक्षेत ‘तू काय पाहिलेस?’ हा प्रश्न येणे, हे सरकारचे, शाळेचे आणि त्या दोघांच्या मानेवर बसू शकणाऱ्या पालकांचे काम आहे. होशंगाबादने हे तीस वर्षे करून दाखवले. ते अशक्य आहे असे म्हणण्याची सोय आता कोणाला राहिलेली नाही.

तेव्हा माझी मागणी साधी आहे. या सुट्टीत किल्ला करून झाला, फटाके उडवून झाले, की घरात एक सेल, एक चुंबक, दोन सेफ्टी पिना आणि हातभर तार आणा. कंदिलाला लावायच्या सामानातून एवढे सहज निघेल. मोटर पहिल्या खेपेला फिरणार नाही. मुलाला सांगू नका काय चुकले ते. बाबांनी तर मुळीच सांगू नये. आणि सुट्टी संपून शाळा उघडली की पहिल्या पालकसभेत मार्कांची चौकशी करण्यापूर्वी उठून उभे राहा आणि विचारा, ‘आपल्या प्रयोगशाळेची किल्ली कोणाकडे असते? या महिन्यात ती किती वेळा लागली?’ मुख्याध्यापक रागावतील. इतर पालक आपल्याकडे वळून बघतील. आपल्याला काडी लावायची सवय आहे असेही कोणी म्हणेल. म्हणू द्या. निदान या एका बाबतीत ती लावायलाच हवी आहे.